झाडलेल्या रस्त्यावर दोन पोती पाला

आमच्या पिपरीतले लोक मोठे टापटिपीचे. अंगणात सडा, दारात रांगोळी, आणि अंगणातला केर कुंपणाबाहेर, सरळ शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. मग हेच लोक शाळेत येऊन मला सांगणार, "मॅडम, मुलांना जरा सिव्हिक सेन्स शिकवा." वा रे वा!

मी दुसरीला शिकवते. 'आपला परिसर, आपली जबाबदारी' हा धडा आला की आमच्या शाळेला उत्साहाची उबळ येते. मागच्या वर्षी ठरलं, मुलांनी शाळेसमोरचा रस्ता झाडायचा. एक पुढारी येणार, फोटो निघणार. लगेच पालकांच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. एकाला धुळीची अ‍ॅलर्जी, एकीच्या हाताला फोड येतात. एका बापानं तर तोंड वर करून विचारलं, "आमची पोरं काय कचरा उचलाले शाळेत येतात?"

मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. "मॅडम, फोटोत कचरा दिसला पाहिजे, पण घाण नको."

आता असा कचरा आणायचा कुठून? कडुनिंबाचा वाळका पाला! शाळेच्या आवारातून दोन पोती भरली आणि सकाळी साडेनऊला मी स्वतः ती रस्त्यावर उपडी केली. रस्ता तेव्हा लख्ख होता. प्लॉटवरचा खरा ढीग पलीकडे वास मारत पडला होता, पण त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला?

माझ्या वर्गातली एक मुलगी जवळ आली. तिची आई ग्रामपंचायतीकडून आमचे रस्ते झाडते.

"मॅडम, तुमी काऊन टाकून राह्यल्या? माह्या मायनं सकाळीच झाडला ना हा रस्ता."

"फोटो झाला की उचलू गं," मी म्हटलं आणि तिच्या हातात रिबीन बांधलेला कोरा खराटा दिला. तिनं तो घेतला, पण झाडलं नाही. बाकीची पोरं पाला उडवत होती, पुढारी कॅमेऱ्याकडे बघून हसत होते, मीही हसत होते. निर्लज्जपणाला काय खर्च येतो!

मग तर्रीपोहे झाले. कागदी प्लेटा त्या पाल्यावरच पडल्या. पुढारी गेले, खराटे मोजून कपाटात गेले. उचलायचं कुणालाच आठवलं नाही. खरं सांगते, मला आठवलं होतं. पण ऊन झालं होतं आणि माझी साडी नवीन होती.

शाळा सुटली तेव्हा तिची आई तिला घ्यायला फाटकाशी आली. रस्ता बघून जागीच थांबली. पहाटेपासूनचं तिचं काम पायाखाली पडलं होतं, आणि बोलणी खाणार होती तीच.

"कोनं केलं वं हे?" तिनं पोरीला विचारलं.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी चार पावलांवर उभी होते. 'मी टाकलं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. रोज तीस पोरांना मी खरं बोलायला शिकवते, पण माझी जीभ काही उचलली नाही.

"माहीत नाई," पोरगी म्हणाली.

सात वर्षांचं लेकरू माझ्यासाठी आपल्या आईशी खोटं बोललं. आजवर मी शिकवलेल्यातलं हेच बहुतेक तिच्या पक्कं लक्षात राहणार.

आईनं सायकलला बांधलेला आपला झिजलेला खराटा सोडला, पदर खोचला आणि माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाली, "मॅडम, बाजूले व्हा जी. साडीवर धूळ उडंल."

मी बाजूला झाले.