हुस्नबानो खालाचे पंचवीस फूट

धुळ्याला जायच्या दोन दिवस आधीपासून हुस्नबानो खाला शिलाई मशीनला हात लावायची नाही. पिंप्राळ्यातल्या बायका ब्लाउज मागायला आल्या की पलंगावरूनच सांगायची, "परवा या, पाय जपून ठेवलाय."

खालाला मल्टिपल स्क्लेरॉसिस. शरीराची फौजच नसांवरचं आवरण कुरतडते, असा आजार. धुळ्याच्या देवपुरातल्या केंद्रात साठ जणांवर एका गोळीचा अभ्यास चालला होता. दर सहा महिन्यांनी फरशीवर आखलेले पंचवीस फूट चालून दाखवायचे. चाल मंदावली की गोळी बंद, इंजेक्शन सुरू. डॉक्टर अनुज घड्याळ बघत नाकातून म्हणायचे, "बेस्ट, बेस्ट. अन् घरी कसं?"

"बठ्ठं बेस शे, साहेब."

बठ्ठं, म्हणजे सगळंच, खोटं. सकाळी ती पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसायची, एसटीत मांड्यांवर ओला टॉवेल; गारव्यात नसा थोडा वेळ ऐकतात. तेवढे पंचवीस फूट नवरीसारखी चालायची. फाटकाबाहेर मी आणि रिक्षावाला तिला उचलून रिक्षात ठेवायचो.

"खाला, खरं सांगून दे ना त्यांना."

"चूप बैठ, मिसबाह. त्यांचा ह्या गोळीवरचा निबंध परदेशात वाचणार आहेत. माझ्या एकटीपायी त्यांनी मान खाली घालायची?"

यंदा निबंध छापून आला. डॉक्टरांनी खालाच्या हातात प्रत दिली. "तुम्ही आमच्या सगळ्यात चांगल्या पेशंट. तीन वर्षं चाल तशीच."

मी डॉक्टरांची नक्कल करते, कंडक्टरची करते, मुख्याध्यापकांची तर मागणीवरून करते. खालाची कधी केली नव्हती. त्या दिवशी उठले. भिंत धरली, डावा पाय ओढला, मध्ये दोनदा थांबले. पंचवीस फूट संपायला एक मिनिट लागलं.

डॉक्टर नाकातून बोलले नाहीत. "कधीपासून?"

खाला खाली बघत होती. "दोन वर्सं झाली."

"तेव्हाच इंजेक्शन दिलं असतं, हुस्नबानो. आता देतो. आहे ते टिकेल कदाचित. गेलं ते येणार नाही."

"अन् तुमचा निबंध?"

"त्याची काळजी नका करू. आकडा दुरुस्त करू. साठांत एकीनं निकाल बदलत नाही."

त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं.

परतीच्या एसटीत एरंडोल आलं तशी खालानं निबंधाची प्रत पिशवीत घातली. मग खिडकीकडे बघतच म्हणाली, "काही बिघडणारच नव्हतं, तर मी चालले कशाला गं?"