मांडीवर हात ठेवायला शिकवणारे रऊफ सर

शेख रऊफ सरांकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होतो. अकोल्यात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरची दोन जुनी मशीनं होती. त्यांतल्या एकासमोर त्यांनी मला बसवलं. काळा पडदा, त्यावर एक लुकलुकती रेघ. मी टेबलाच्या मागेपुढे पाहू लागलो.

"काय धुंडून राहिला?"

"सर, माउस."

सर हसले. "इथं बोट दाखवून काम होत नाई. लिहून सांगा लागते. आन् हे मशीन लई आज्ञाधारक हाये. चुकीचं सांगशील तेही करीन."

युनिक्स या संगणकप्रणालीवरचा सर्व्हर सांभाळणं म्हणजे काय, याची ही माझी पहिली शिकवणी. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहायचं ठरल्यावर मला तेच वाक्य आधी आठवलं.

सर स्वतः कोणत्या वर्गात शिकले नव्हते. त्यांच्या कचेरीत मशीन आलं, सोबत इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा आला. बसवून देणारा इंजिनीअर दोन दिवसांत नागपूरला परतला. राहिले सर आणि पुस्तकं. डबा खाताना एक पान, सुटीच्या दिवशी दहा, असं त्यांनी ते सारं वाचून काढलं. त्यामुळे माझं इंग्रजी बेताचं असल्याची त्यांनी कधी थट्टा केली नाही. मशीनमधलं माहितीचं पान ते मोठ्याने वाचत आणि ओळ संपली की म्हणत, "आता हे तुह्या भाषेत सांग." सांगता आलं नाही तर पुन्हा तीच ओळ.

त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर कमांडांचा तक्ता नव्हता, एसटीचं वेळापत्रक होतं. कोणाची गाडी कधी, हे पाहून ते वर्ग सोडत. नांदगाव खंडेश्वरहून येणाऱ्या एका मुलीसाठी तर त्यांनी अख्खी तुकडीच सकाळी आणली. आम्ही कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "तुमाले उठा लागते. तिले गाडी बदला लागते."

पण सरांची खरी ओळख म्हणजे त्यांचा एक नियम. युनिक्समध्ये 'रूट' म्हणजे मशीनचा मालक. त्याला मशीन 'नक्की का?' असं विचारत नाही. रूट म्हणून काम करताना कमांड लिहायची आणि हात मांडीवर ठेवायचे. शेजारच्याने ती मोठ्याने वाचायची, आपण कोणत्या मशीनवर आहोत तेही बोलायचं, आणि मगच एंटर. आम्हाला हा पोरखेळ वाटे. मी एकदा म्हटलंही, "सर, नोकरीवर शेजारी कोन राहीन?"

"मंग सोताच वाच. पन हात मांडीवर. तुही बोटं तेज हायेत, डोये मांगून येऊन राह्यले."

पुढे अमरावतीच्या एका खासगी रुग्णालयात मला नोकरी लागली. रुग्णांचे तपासणी अहवाल ठेवणारा सर्व्हर माझ्याकडे होता. जिनिंग सोडून तिथे गेल्याला सहा महिने झाले होते. एका सकाळी पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक सरावाच्या मशीनची आणि एक खऱ्या मशीनची. सरावाच्या मशीनवरचे जुने अहवाल पुसायची कमांड मी लिहिली आणि एंटर दाबलं. हात मांडीवर गेले, पण नंतर. खिडकी खऱ्या मशीनची होती.

आदल्या रात्री अहवालांची नक्कल घेतलेली बॅकअप टेप कपाटात होती. ती गुपचूप मशीनवर उतरवावी, कोणाला कळणार नाही, नोकरी वाचेल, असा माझा विचार. फक्त धीरासाठी सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई, सर."

"मंग आदी सांग. टेपले हात लावू नको. मी गाडीत बसतो."

मी मोठ्या डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेलो. "मॅडम, माझ्या हातून अहवाल पुसले गेले," एवढंच बोलता आलं. त्यांनी लगेच तपासणी विभागाच्या वहाबभाईंना बोलावलं. ते आले आणि म्हणाले, "पण आम्ही तर आत्ताच पंधरा रिपोर्ट भरले. मशीनने घेतले की."

तेव्हा कुठे मला उमगलं. पुसलं गेल्यावर मशीनने त्याच नावाची नवी फाईल उघडली होती आणि नवे अहवाल तिच्यात जात होते. मी टेप उतरवली असती तर जुनी फाईल या नवीवर बसली असती आणि ते पंधराही गेले असते. वहाबभाईंनी भरणं थांबवलं.

दुपारी सर आले. खुर्चीवर मलाच बसवलं, स्वतः शेजारी स्टुलावर. टेप वेगळ्या जागी उतरवून ते पंधरा अहवाल जुन्या फाईलला जोडायला लावले, प्रत्येक कमांड मोठ्याने वाचली. मग सकाळी पुसण्याआधी भरलेले, म्हणून टेपवर नसलेले अहवाल कागदांवरून वहाबभाईंनी पुन्हा भरले. संध्याकाळपर्यंत एकही रुग्ण अहवालावाचून राहिला नाही.

निघताना मॅडमनी सरांना बाजूला घेतलं. माझे कान जिनिंगच्या खडखडाटातही बेअरिंगची कुरकुर ओळखणारे. दाराआडचं ऐकू आलंच.

"यांना ठेवावं का, सर? खरं सांगा."

"मॅडम, याची ही चूक होऊन गेली, आन् ती त्यानं सोता येऊन सांगतली. नवा मानूस आनाल त त्याची व्हायचीच हाये. आन् तो सांगीन का नाई, ते आपल्याले काय मालूम?"

माझी नोकरी राहिली. सर अकोल्याला परतले आणि त्या दिवसाबद्दल त्यांनी आजवर कोणापाशी चकार शब्द काढलेला नाही. आज अमरावतीत माझं स्वतःचं छोटं कार्यालय आहे, अनेकांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. तिथे आम्ही माणूस घेताना एकच पाहतो: त्याने आपली एखादी चूक सांगावी. 'माझी कधी झालीच नाही' म्हणणाऱ्याला आम्ही चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

हे छापू का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "तुही चूक हाये, तू सांग. मले काहून विचारतो?"

म्हणून सांगितली. सरांचे विद्यार्थी आज अकोला-अमरावतीपासून दूर दूरच्या शहरांत आहेत आणि हातून काही चुकलं की अजून त्यांनाच फोन लावतात. सरांना निरामय, उदंड आयुष्य मिळो. आमचे असले फोन त्यांना वर्षागणिक कमी येवोत. पण एखादा येईलच, तेव्हा 'आदी सांग' म्हणणारा तो आवाज पलीकडे असो.