माळवदावरची सून

लासुर्ण्यात कुशाबाईंच्या घराला पडदा आला तो उसाबरोबर. त्याआधी त्या स्वतः बाजरी खुरपत, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधाबांधानं चालत. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, गुळाला भाव आला, तेव्हा त्यांचे यजमान हिंदुराव यांनी घराभोवती उंच भिंत घातली. कुशाबाईंनी त्या दिवशी मनाशी ठरवलं की आपल्या सुनेचा पाय शेताच्या मातीला लागणार नाही. त्यांच्या लेखी तेच ऐश्वर्य होतं, आणि ते त्यांनी कष्टानं मिळवलेलं होतं.

सून मुक्ता बारामतीकडची, मळ्यात वांगी तोडत वाढलेली. लग्न झालं आणि तिचं जग माजघराएवढं झालं. तिथं उजेडाला एक झरोका. पहिल्या बाळंतपणानंतर तिची कंबर धरली, मग मांड्या ठणकू लागल्या. जात्यावरून उठायला भिंतीचा आधार लागे. चालताना ती बदकासारखी डुले.

"खाऊन जड झालीया," असं म्हणत कुशाबाईंनी तिच्या पानात तूप वाढवलं. दुखणं हटलं नाही. १९३६ साली मुक्ताला पुन्हा दिवस गेले आणि तिला उंबरासुद्धा ओलांडवेना. तेव्हा पडद्याची बैलगाडी जुंपून सासूसासऱ्यांनी तिला इंदापूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. "हाडं मऊ पडलीत. अजून वाकली नाहीत, पण कमरेची वाकली तर मूल अडेल. दोघांच्या जिवावर बेतेल."

"खायाला काय कमी न्हाय, डाक्तरसाहेब," कुशाबाई म्हणाल्या. "दूध हाय, तूप हाय."

"नुसतं खाऊन भागत नाही. अन्नातला चुना हाडांत बसायला एक जीवनसत्त्व लागतं. ते उन्हानं आपल्याच कातडीत तयार होतं. हिला ऊन लागतं का?"

कुशाबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं ऊन लागू दिलं न्हाय."

बोलून झालं, तशी त्यांची मान सुनेच्या पायांकडे वळली.

डॉक्टरांनी माशाच्या काळजाचं तेल सुचवलं. हिंदुराव माळकरी. "ते माझ्या घरात यायचं न्हाय."

"मग ऊन. हात, पाय, पाठ उघडी ठेवून, रोज. आणि बाळंतपणाला इकडंच आणा."

परतीच्या वाटेवर हिंदुराव धुमसत होते. "पाठ उघडी? गाव बघंल!"

"बघू द्या," कुशाबाई म्हणाल्या. "माझी पाठ गावानं खुरपताना बघितली. तवा काय झडलं तुमचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला धरून माळवदावर चढवलं. लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाठीवरचा पदर काढला. मुक्ता अंग चोरून बसली. "आत्याबाई, लाज वाटतीया."

"लाज माझ्याकडं दे. तू पाय सोड."

शेजारच्या माळवदावर द्वारकाबाई सांडगे घालत होती. तिनं हात थांबवला. "कुशाक्का, सुनंला वाळत घातली व्हय?"

"व्हय. सांडग्यागत कडक होऊ दे. तुझी बी आण वर, न्हायतर बुरशी धरंल."

गावात बोलणी झाली. हिंदुराव काही दिवस ओसरीवर तोंड फिरवून जेवले. कुशाबाईंनी नेम मोडला नाही. त्या स्वतः शेजारी बसत, डाळ निवडत. मुक्ताचा ठणका आधी रात्रीचा कमी झाला, मग दिवसाचा. थंडी सरता सरता ती कुणाचा हात न धरता जात्यावरून उठली. कुशाबाईंनी पाहिलं, पण नजर लागू नये म्हणून न पाहिल्यासारखं करून दुसरं काम सांगितलं.

बाळंतपणाला डॉक्टरांनी शस्त्रांची तयारी ठेवली होती. ती लागली नाहीत. मुलगी झाली, मोठ्यानं रडली.

सव्वा महिन्यानं बाळंतीण विहिरीवर पाणी पूजायला जाते. भिंत झाल्यापासून या घरात विहिरीची घागरच आत येई आणि पूजा माजघरात होई. या वेळी हिंदुरावांनी एवढी सवलत दिली, की पडदा बांधून गाडी जुंपली आणि स्वतः चावडीवर जाऊन बसले.

कुशाबाईंनी गड्याला सांगितलं, "बैलं सोड. ती चालत जाणार."

भर सकाळी सासूसून वेशीकडे निघाल्या. चावडीसमोरून जाताना मुक्तानं पदर डोक्यावर घेतला, पण पाऊल आवरलं नाही. मूल खांद्याशी, पाठ सरळ. मागून कुशाबाई पूजेचं ताट घेऊन येत होत्या.

चावडीवरचा म्हस्कू म्हातारा हिंदुरावांना म्हणाला, "पाटील, पडदा कुठं ठिवला?"

हिंदुरावांनी वाटेकडे बोट केलं.

"पडद्याचं सोड," ते म्हणाले. "चाल बघ की तिची."