अर्ध्या चुन्याची भिंत

कल्पना करा, तुमच्यासमोर चारशे बारा क्लिप आहेत. चित्र वेगळं, आवाज वेगळा. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला तुम्हीच टाळी वाजवली आहे. पडद्यावर हात जुळतात तो क्षण शोधायचा आणि आवाजातली टाळी बरोब्बर त्याखाली आणून ठेवायची. असं चारशे बारा वेळा.

देगलूरच्या दिपालीनं तेवीस दिवसांत एकही क्लिप जुळवली नव्हती. तिच्या पहिल्या सिनेमाचं शूटिंग संपलं, कॅमेरामन पुण्याला गेला आणि ती खाटेवर पडली ती पडलीच. सगळं वाईट निघालं असेल, या भीतीनं क्लिपांची हार्डडिस्क डब्यातच राहिली.

"झाला का पिच्चर?" भाऊ आदर्श दारातून टोमणा मारायचा. "न्हाई तर तलाठ्याचा फॉर्म भर."

चोविसाव्या दिवशी सरजाआत्या आली. सिनेमातली म्हातारी तीच आणि घरही तिचंच. शूटिंगसाठी तिची एक भिंत अर्धी चुन्याची, अर्धी मातीची ठेवली होती. 'हात लावू नको' असं दिपालीनं बजावलं होतं. आता लाव, हे सांगायचं राहूनच गेलं.

"दिपे, चौदा एप्रिलची जयंती सहा दिवसांवर आली. अख्खी गल्ली पांढरी झाली. बाया विचारून राहिल्या, सरजाबाईचा चुना सरला का म्हणून! मारू का आता?"

'मार' म्हणणं सोपं होतं. पण त्या भिंतीपुढचं काही बिघडलं असेल, तर ते पुन्हा घेता येणार नव्हतं.

"उद्या सांगते," म्हणत दिपालीनं डबा उघडला.

दुपारभर तिनं भिंतीपुढचे शॉट पाहिले. चांगले होते. फक्त शेवटच्यात भिंत स्पष्ट आणि आत्या धूसर.

"वाया गेलं की," मागून आदर्श.

"एक शॉट गेलाय, मी न्हाई. फॉर्म तूच भर."

सकाळी ती मोबाइल घेऊन आत्याकडं गेली.

"मोठा कॅमेरा कुठाय गं?"

"लग्नाचं शूटिंग करायला गेला."

"बरं झालं. त्याला लई भ्यायचे मी."

तिसऱ्या खेपेला तो बिघडलेला शॉट जमला. मग दोघींनी चुना कालवला. मातीचा शेवटचा पट्टा उरला तेव्हा दिपालीचा हात थांबला.

"आत्या, शूटिंग सुरू करताना आपण वंदना घेतली, पेढे वाटले. संपल्यावर काय करायचं असतं गं?"