तिसरं नको

लातुरात भागवतराव हलगरकरांनी नकाशे काढून दिलेली दीडशेच्या वर घरं आहेत, आणि त्यातल्या एकाही घरावर भागवतरावांचं नाव नाही. फाटकावर 'मातोश्री' असतं, 'गुरुकृपा' असतं. एका दाळमिलवाल्यानं तर 'कुत्र्यापासून सावध'च्या खाली कुत्र्याचं नावसुद्धा पितळेत कोरून घेतलंय. पण आर्किटेक्टचं नाव? वास्तुशांतीला गवंड्याला टोपी-टावेल मिळतो. भागवतरावांना मिळतं ते, "बसा ना सर, पुढच्या पंगतीला."

म्हणून त्या फळीवर त्यांचा जीव. लातूर आणि नांदेड मिळून आर्किटेक्टांची एक संघटना आहे, सभासद साठ-सत्तर. तिच्या हॉलमध्ये सागवानी फळी लावलीय आणि तिच्यावर आजवरच्या अध्यक्षांची नावं. दर दोन वर्षांनी नवा अध्यक्ष, एक खेप नांदेडची, एक खेप लातूरची. निवड झाली की सरदार पेंटर शिडीवर चढतो आणि खालून भागवतराव शिडी धरतात. कारण भागवतराव सचिव. बावीस वर्षं सचिव! नोटिसा तेच काढतात, इतिवृत्त तेच लिहितात, खुर्च्या आणि समोसे तेच मोजतात. घटनेतले नियमही त्यांनीच लिहिलेत. फळीवर सचिवाचं नाव लिहायची पद्धत नाही. तो नियमही, घ्या, त्यांचाच.

पंधरा नावं झाली होती. सोळावं लातूरचं होतं. आणि भागवतराव साठीला टेकले होते.

ह्यात एक मेख होती. अध्यक्षाचं वय अर्ज भरण्याच्या दिवशी साठच्या आत हवं. एका हटवादी म्हाताऱ्याला थोपवायला ही अट कोणी घातली असेल, तुम्हीच ओळखा. आता, आईच्या सांगण्यावरून भागवतराव जन्मले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या गावाचा जन्म एक जूनला करून टाकला होता. एक जूनला अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस असतो. ह्या वर्षी अर्जाची शेवटची मुदत होती एकतीस मे, संध्याकाळी पाच, नांदेडला आबेदा मॅडमच्या ऑफिसात. एकतीस तारखेला भागवतराव एकोणसाठ, एकला साठ. लातूरची पुढची पाळी चार वर्षांनी. म्हणजे आत्ता नाहीतर कधीच नाही.

मग भरायचा की सरळ अर्ज! तुम्ही-आम्ही भरला असता. पण ह्या संघटनेत पद मागत नसतात. जुनीजाणती माणसं फॉर्म आणि शाल घेऊन घरी येतात. घरधनी म्हणतो, "छे छे, नको." मग चहा होतो. पुन्हा आग्रह, पुन्हा "नको हो, माझ्यापेक्षा मोठे आहेत." तिसऱ्यांदा आग्रह होतो तेव्हा "नको"चा आवाज खाली येतो आणि पेन हातात येतं. पंगतीत जिलेबी येते तेव्हा ताटावर हात आडवा धरतात, पण बोटं जरा फाकलेली ठेवतात, तसंच. आजवर आग्रहाला जायचे अमृतराव, संघटनेचे पहिले लातूरकर अध्यक्ष. ह्या वर्षी अमृतरावांचा गुडघा हैदराबादला ऑपरेशनच्या टेबलावर होता.

तीस तारखेला संध्याकाळी दारात आली ती तनुजा, संघटनेतलीच तरुण आर्किटेक्ट. वय चौतीस, डोक्यावर गॉगल, हातात फॉर्म. बरोबर तिच्याच वयाचा आदिनाथ, तोही सभासद. भागवतरावांच्या मंडळींनी, म्हणजे शिवगंगाबाईंनी, चुरमुऱ्याचा सुशीला फोडणीला टाकला होता. दुपारीच नवरा आरशापुढं शाल खांद्यावर टाकून बघताना त्यांनी पकडला होता, पण हसू दाबून ठेवलं होतं.

"सर, अध्यक्षपदाला तुमचं नाव सगळ्यांच्या मनात आहे," तनुजा म्हणाली. "भरायचा का फॉर्म?"

"छे छे, नको," भागवतराव म्हणाले आणि दुसऱ्या आग्रहासाठी जरा सावरून बसले. "मोठमोठी माणसं आहेत."

"बरं सर. तुमच्या शब्दाचा मान ठेवतो." तिनं फॉर्म परत पर्समध्ये घातला. "मग मी भरू का? तुमची हरकत नाही ना?"

आत झारा पडल्याचा आवाज आला.

"हरकत कसली?" भागवतरावांची जीभ आपोआप चालत राहिली. "तरुण माणसांनी पुढं यायलाच पाहिजे."

दोघं वाकून पाया पडली, सुशीला खाल्ला, वाखाणला आणि गेली. शिवगंगाबाई बाहेर आल्या.

"नको कशाला म्हणलात?"

"पहिल्यांदा म्हणावंच लागतं."

"मग दुसऱ्यांदा हो म्हणायचं!"

"विचारलंच नाही की!" भागवतरावांचा आवाज एवढा चिरकला, की पलीकडच्या गच्चीवर वाळवण उचलणाऱ्या बायका थांबल्या.

सकाळी संघटनेच्या ग्रुपवर मेसेज पडलेला: 'हलगरकर सरांचा मोठेपणा! स्वतःहून तरुणांना संधी!' खाली पन्नासेक अंगठे आणि हात जोडलेले. भागवतराव एकेक अंगठा बघत राहिले. जिवंतपणी श्रद्धांजली म्हणतात ती हीच. त्यांनी अमृतरावांना हैदराबादला फोन लावला.

"भागवत, लई मोठं मन दाखवलंस," पलीकडून सुस्त आवाज आला.

"अमृतराव, मी मनापासून नव्हतो म्हणालो."

"ते मला कळतंय रे. तिला कसं कळावं? आता गप बस. मागं फिरलास तर लोक तोंडात शेण घालतील."

भागवतरावांनी फोन ठेवला. फळी डोळ्यांपुढून हलेना. पंधरा नावांपैकी अकरा त्यांनी स्वतः खाली उभं राहून सरळ करून घेतली होती. 'सरदार, र जरा उजवीकडं.' आता सोळावंही सरळ करायचं, सतरावंही, आणि मग एक दिवस शिडी धरणारा माणूस बदलायचा. एवढंच.

"उठा," शिवगंगाबाईंनी गाडीची किल्ली पुढ्यात टाकली. "आयुष्यात एकदा तोंड उघडून मागा."

अर्जावर सभासदांच्या दोन सह्या लागतात, एक सूचक, एक अनुमोदक. लातुरात भागवतराव उन्हातान्हात पाच ऑफिसं फिरले. एकानं थट्टाच समजली, "सर, चेष्टा करायलात का?" दुसऱ्यानं तब्येत विचारली. तिसऱ्यानं तर हाताला हात लावून ताप बघितला. आणि सगळ्यांचं शेवटी एकच, "आता तनुजा मॅडमला शब्द दिला सर."

एक वाजला. एकही सही नाही. भागवतरावांनी गाडी नांदेडच्या रस्त्याला घातली.

अहमदपूरला व्यंकट होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली पेन्सिल धरायला शिकलेला. त्याच्या साइटवर स्लॅब टाकत होते. मिक्सर घरघरत होता, बाया पाट्या वर देत होत्या, आणि त्या गोंगाटात भागवतरावांना आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट ओरडून सांगावी लागली.

"मला अध्यक्ष व्हायचंय!"

"काय?"

"अध्यक्ष! मला! व्हायचंय!"

पाट्या देणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. व्यंकट शिडीवरून खाली आला, सिमेंटचे हात पँटीला पुसले आणि तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. "आधी बोलायचं ना सर," तो म्हणाला. "आमाला काय सपान पडतंय?"

एक झाली. दुसरी लोह्याला मिळेल म्हणून थांबले, तर तिथल्या सभासदाच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लग्नाला गेलेत, किनवटला. फोन लागेना. भागवतराव त्या कुलपाकडं असे बघत राहिले, जणू कुलूपच सही करेल. मग पुन्हा गाडीत बसले. एसी केव्हाच बंद पडला होता. घाम डोळ्यांत उतरत होता, की दुसरं काही, ते आपण बघायला जाऊ नये.

नांदेडला आबेदा मॅडमच्या ऑफिसात पोचले तेव्हा घड्याळात पाचला अठरा मिनिटं होती. आबेदा मॅडम निवडणूक अधिकारी, भागवतरावांच्याच वयाच्या, चष्मा नाकावर. "भागवतभाई, पानी तर प्या आधी," म्हणत त्यांनी अर्ज हातात घेतला. "सूचक आहे. अनुमोदक?"

"तुम्हीच करा, मॅडम."

"मला चालत नाही. नियम किसने लिखा? तुम्हीच."

ऑफिसात तिसरं माणूस एकच होतं. कोपऱ्यात तनुजा पाच वाजायची वाट बघत बसली होती, थंड पाण्याची बाटली गालाला लावून. तिचा अर्ज मॅडमच्या टेबलावर पेपरवेटखाली होता.

भागवतराव तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. पाचला अकरा मिनिटं.

"काल मी नको म्हणालो ते खोटं होतं," ते शेवटी म्हणाले. "मला पाहिजे. लई वर्षांपासून पाहिजे. आज नाही झालं तर परत होत नाही. तुझ्याविरुद्धच्या अर्जावर तुझीच सही मागतोय, मला कळतंय काय करायलोय."

तनुजानं बाटली गालावरून काढली.

"सर, कालच सांगितलं असतं तर मी आनंदानं तुमच्या नावाला टाळ्या वाजवल्या असत्या," ती म्हणाली. "पण रात्रभर विचार केला ना मी. आता मलाही पाहिजे. मी माघार घेणार नाही."

"नको घेऊ."

"नक्की? की तुमचं हे नको पण..."

"नक्की!"

तिनं बाटली खाली ठेवली, पेन मागितलं आणि सही केली. आबेदा मॅडमनी अर्जावर वेळ टाकली, चार त्रेपन्न. संघटनेच्या इतिहासात पहिल्यांदा निवडणूक लागली होती.

पुढचं सांगायला फार नाही. रविवारी लातुरात मतदान झालं. तनुजाला एकोणचाळीस, भागवतरावांना बावीस. ग्रुपवर ह्या वेळी भागवतरावांना कोणी अंगठा दिला नाही. 'म्हातारपणी काय ही हाव' असं कोणी लिहिलं आणि लगेच पुसलं, पण भागवतरावांनी ते वाचलं होतं. दोन दिवस ते गच्चीत जाऊन टाकीच्या सावलीला बसून राहिले. जेवायलासुद्धा दोनदा बोलवावं लागायचं.

तिसऱ्या दिवशी तनुजा आली. ह्या वेळी शाल घेऊन, आणि इतिवृत्ताचं जाडजूड रजिस्टर घेऊन.

"सर, सचिवपदाला एकही अर्ज नाही," ती म्हणाली. "वयाची अट फक्त अध्यक्षाला आहे."

"नको," भागवतराव म्हणाले. ह्या वेळी त्यात काही ठेवलेलं नव्हतं, पार रिकामं नको होतं. "थकलोय मी तनुजा. खरंच नको."

तनुजा हसली. आता ती शिकली होती ना! "शिवगंगाकाकू, चहा टाकता का?" तिनं आतमध्ये आवाज दिला आणि मांडी ठोकून बसली. चहा झाला. "सर, तुमच्याशिवाय संघटना चालत नाही."

"नको गं बाई, ऐक माझं."

"सर, आता मला कळतंय तुमचं नको." तिनं रजिस्टर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शाल खांद्यावर घातली.

शिवगंगाबाई दारात उभ्या होत्या. नवऱ्याचे हात त्यांनी बघितले. बोटं घट्ट मिटलेली होती, मुठी झाल्या होत्या. त्या काही बोलणार, तेवढ्यात भागवतरावांचा फोन वाजला आणि शालीखालून हात काढून त्यांनी तो कानाला लावला.

"साहेब, सरदार बोलतो. फळीवर नवं नाव टाकायला कवा येऊ?"

भागवतरावांची दुसरी मूठ रजिस्टरवर अजून तशीच होती. तनुजा समोरच बसली होती, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, आणि पहिल्यांदाच तिला काहीतरी खटकल्यासारखं दिसत होतं.

"उद्या ये," भागवतराव म्हणाले. "शिडी मी धरतो."