माणसं किती धरायची?

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज नसतो, हे मला ती घरी आणल्यावर कळलं.

ऑफिसातला एकजण बदली होऊन चेन्नईला निघाला होता. त्याने घरातलं सामान काढायला घेतलं, तेव्हा शहाण्या माणसांनी फ्रिज घेतला, मिक्सर घेतला. मी गिटार घेतली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. तळेगावला घरी येऊन सोफ्यावर बसलो, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि तारा छेडल्या. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यावर जेवढा आवाज येतो, तेवढा आला.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, केस विंचरताय का?"

माझ्या डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं उरलेलं नाही. त्यामुळे टोमणा एकाच दगडात दोन पक्षी मारून गेला.

आता तुम्ही म्हणाल, साधी लाकडी गिटार घ्यायची की. हे वाक्य मला बायको, मेव्हणा आणि कुरिअर द्यायला आलेला माणूस अशा सगळ्यांनी ऐकवून झालंय. पण घेतली ती घेतली. माणूस चूक दुरुस्त करण्यापेक्षा तिच्यावर आणखी खर्च करणं पसंत करतो, आणि मी तर माणसातला माणूस. ठरलं, ॲम्प्लिफायर घ्यायचा. बजेट सोपं होतं. बंद पडलेल्या गीझरच्या जागी नवा घेऊन जे उरेल ते.

हा सगळा खटाटोप हौसेचा होता असं मी ऑफिसात सांगायचो. ते अर्धंच खरं होतं. माझी बायको लोणावळ्याला प्राथमिक शाळेत शिकवते. वीस वर्षं चौथीच्या वर्गाला "शांत बसा" असं ओरडून सांगत आली आणि गेल्या वर्षी तिचा घसा बसला. औषधं झाली, महिनोन् महिने पाटीवर लिहून बोलणं झालं, आवाज परत आला. पण बारीक, जपून वापरायचा. डॉक्टर म्हणाले, ओरडायचं नाही, मात्र हळू गायला हरकत नाही, उलट गाच. कॉलेजात ती भावगीतांच्या स्पर्धा जिंकायची. कणीक मळताना तर रोजच गायची. पण आता ती गाईना. कणीक मुकाट्याने मळली जायची. बरेच दिवस उभी राहिलेली स्कूटर चालू होईल की नाही या भीतीने माणूस किल्लीच फिरवत नाही, तसं काहीतरी.

मोबाइलवर तानपुरा लावून बघ म्हटलं, तर म्हणाली, "मशीनबरोबर नाही गाणार. मी अडखळले तर थांबणारं कुणीतरी लागतं." मग माझ्या मांडीवरच्या गिटारकडे बघून म्हणाली, "तुम्ही शिका. एक गाणं जमलं तुम्हाला, तर मी गुणगुणून बघेन."

अडखळणाऱ्या माणसासाठी थांबायला माझ्याइतका लायक वादक पुणे जिल्ह्यात नव्हता. मी स्वतःच दर ओळीला थांबत होतो.

इंटरनेटवर ॲम्प्लिफायरविषयी बघायला गेलो, तर प्रत्येक माणूस वेगळं सांगत होता, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाच्या मागे भिंतभर ॲम्प्लिफायर रचलेले होते. त्यांचं बजेट गीझरमधून उरलेलं नसावं. शेवटी मी माझ्या माहितीतल्या एकमेव आवाजवाल्याकडे गेलो. सोमाटण्याला जुन्या हायवेलगत मांडव-डेकोरेशनवाले भाऊ आहेत. आमच्या लग्नाचा मांडव त्यांचाच. तेव्हाही त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, माणसं किती धरायची? त्या एका आकड्यावर खुर्च्या, कढया, पाण्याच्या टाक्या आणि भोंगे, सगळं ठरलं होतं.

त्यांच्या गोडाऊनमध्ये माणसं सतरंज्या गुंडाळत होती. मी वॅट, इंच असलं वाचून आलेलं काही बोलायला लागलो. भाऊंनी हात वर केला.

"वॅट-बिट कंपनीवाल्याला, सायेब. आमी माणसांवर मशीन देतो. किती माणसं धरायची?"

खरं उत्तर होतं, एक. तेही गायला तयार झालं तर. पण सतरंज्या गुंडाळणारे सगळे हात थांबवून माझ्याकडे बघत होते. पाठीवर गिटार लटकवलेला टकला माणूस "एक" कसा म्हणणार?

"पन्नासेक धरा," मी म्हणालो.

भाऊंनी मागून एक मशीन ओढून काढलं. कुठल्यातरी ऑर्केस्ट्राचं, की-बोर्डचं, कोपरे झिजलेलं. उंची माझ्या कमरेपर्यंत. भाव गीझरमधून उरलेल्या पैशांत बसत होता. भाऊ म्हणाले, वाजवून बघा. इथे माझी खरी चूक झाली. मला तीन कॉर्ड येत होत्या, पण एकीवरून दुसरीवर जायला बोटांना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात चहा उकळून गाळून झाला असता. एवढ्या लोकांसमोर कोण वाजवणार? मी म्हणालो, छे हो, तुमच्यावर विश्वास आहे. विश्वास हा शब्द मी आयुष्यात बहुतेक वेळा लाज लपवायलाच वापरलाय.

मशीन टेम्पोतून घरी आलं, तिसऱ्या मजल्यावर चढलं. वायर जोडली, बटण दाबलं. आवाज नाही. मशीनवरची आवाजाची एक खुंटी फिरवली, दुसरी फिरवली, सगळ्या खुंट्या शेवटापर्यंत फिरवल्या. मशीन ढिम्म. मग आठवलं. आज गुरुवार.

आमच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी, आणि वीज कंपनीचं दुरुस्तीचं कामही गुरुवारी. म्हणजे ज्याला आठवड्यात एकच दिवस मोकळा आणि त्या दिवशी वीज नाही, अशा माणसाने विजेवर चालणारं वाद्य घेतलं होतं. ही अक्कल वापरून मी कंपनीत नियोजन विभागात काम करतो.

गिटार मशीनला टेकवून ठेवली आणि दूध आणायला खाली उतरलो. परत येताना फाटकाशी असतानाच लाइट आली. सोसायटीचा पंप सुरू झाला, आणि त्याच्या पाठोपाठ वरून जो आवाज आला, तो मी या जन्मी विसरणार नाही. भोंग्यात मांजर अडकावं आणि त्या मांजराच्या शेपटीवर टेम्पो उभा करावा, असं एक सलग केकाटणं. बटण चालूच राहिलं होतं, खुंट्या शेवटाला होत्या आणि टेकवलेली गिटार मशीनचाच आवाज मशीनला परत पाजत होती. मी दूध सांभाळत तीन मजले चढलो. दारात बायको उभी. शाळेतून येऊन जरा आडवी झाली होती बिचारी. तिच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरचे चेअरमनही पोचले. मी वायर उपटली. त्या शांततेत चेअरमन अतिशय सौम्यपणे म्हणाले, "काही पडलं का?"

"नाही," बायको म्हणाली, "हे संगीत शिकतायत."

हे इथवर विनोदी होतं. संध्याकाळी मात्र नाही राहिलं. मी आवाज कमी ठेवून वाजवायला बसलो आणि ती खरंच समोर येऊन बसली. जुनं भावगीत, तीन कॉर्डचं. पण त्या मशीनला कमी आवाज ही गोष्टच माहीत नव्हती. खुंटी जरा मागे घेतली की मुकं, जरा पुढे केली की पन्नास माणसांचा मांडव. तिचे ओठ हलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. तिलाही येत नसावं, कारण तिने आवाज चढवला. दुसऱ्या ओळीला ठसका लागला. पाणी प्यायली, माझ्याकडे बघून हसली आणि कणीक मळायला उठली. मुकाट्याने.

ते हसणं मला चेअरमनांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी मशीन परत सोमाटण्याला नेलं. या वेळी सतरंज्यांकडे न बघता भाऊंना सगळं सांगितलं, बायकोचा घसा, गाणं, सगळं. भाऊ म्हणाले, "मंग दोन मानसं म्हना की. पन्नास कशाला सांगितली?" पुढे म्हणाले, हे राहू दे, भजनवाल्यांना भाड्याने लावतो. आणि त्यांनी एक पत्ता दिला. लोणावळ्याच्या तुंगार्लीत एका बंगल्याला ते पार्ट्यांचं सामान पुरवतात. मालकाचा मुलगा परदेशी गेलाय, त्याचं शिकायचं छोटं मशीन तिथे पडून आहे, मालक देऊन टाका म्हणतोय.

पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर मी लोणावळ्यात बायकोला गाठलं. गिटार पाठीवर होतीच. शाळेच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या चौथीच्या पोरांनी बाईंच्या नवऱ्याला त्या अवतारात पाहिलं, आणि पुढचा महिनाभर तिला वर्गात काय ऐकावं लागलं ते ती अजून सांगत नाही.

बंगला सांभाळणाऱ्या मावशींनी मशीन आणून दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवलं. पाच किलोच्या तेलाच्या डब्याएवढं. जाळीवर बुरशीचे पांढरे ठिपके, वास लोणावळ्यातल्या ऑगस्टमधल्या कपाटाचा. मी लगेच म्हणालो, छान आहे, घेऊन टाकू.

बायको म्हणाली, "वाजवा."

"इथे?"

"इथेच. मी तिकडे उभी राहते."

मी सुटकेचा शेवटचा मार्ग शोधला. गुरुवार आहे, लाइट नसेल. मावशींनीही मान डोलावली. "लाइट न्हाई. जनरेटर हाय, पर त्यो पावन्यांसाठी." मी आनंदाने गिटारची पिशवी बंद करणार, एवढ्यात बायकोने मशीन उलटं करून मागचं झाकण उघडलं. आत सेलचे खाचे होते. साधे पेन्सिल सेल. मावशी आत गेल्या आणि पदरात सेल घेऊन आल्या. टीव्हीच्या रिमोटचे काढले होते, कमी पडले ते भिंतीवरच्या घड्याळांचे. बंगल्यातली वेळ थांबवून माझी परीक्षा सुरू झाली.

मी वाजवलं. बोटं चुकली, पुन्हा वाजवलं. बायको दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभी होती. ती काय करतेय ते मला आधी कळलंच नाही. बारीक आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखी, ती ओळ म्हणत होती. मी खुंटी थोडी मागे घेतली. मशीनने ऐकलं. आणखी मागे घेतली. तेही ऐकलं.

मावशी दाराला टेकून ऐकत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "बाईंचं समदं ऐकू येतंय. तुमचं लय न्हाई येत."

बायको वळली. घसा बसल्यापासून इतकं मोकळं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मग हाच घ्यायचा."

तर ॲम्प्लिफायर कसा निवडावा, याविषयी मला एवढंच कळलंय. बाकीचं इंटरनेटवर आहे. येताना मावशींना नवे सेल आणून दिले, घड्याळं लावून दिली, त्यातलं एक मी दहा मिनिटं मागे लावलं असं भाऊंकडून नंतर कळलं. मशीन दोन दिवस गॅलरीत लाल मिरच्यांशेजारी वाळवलं. आता त्याला कपाटाचा वास कमी आणि तिखटाचा जास्त येतो. सुरुवातीला वाजवताना शिंका यायच्या.

आणि गुरुवार. ज्या गुरुवारला मी शिव्या घातल्या, त्याच्यासारखा दिवस नाही. दुपारी लाइट गेलेली असते. पंप बंद, मिक्सर बंद, कुणाच्या घरी टीव्ही नाही. अख्खी सोसायटी गप्प होते, आणि एवढ्या गप्प जागेत बारीक आवाजाला ओरडावं लागत नाही. ती शाळेतून येते, जेवण होतं, मी सेल घालतो. पहिले काही गुरुवार एका कडव्याच्या पुढे गेलो नाही. मी थांबायचो, ती थांबायची. परवाच्या गुरुवारी दुसऱ्या कडव्यात माझी बोटं नेहमीच्या जागी अडकली आणि मी थांबलो. ती थांबली नाही. डोळे मिटून पुढे निघून गेली, शेवटपर्यंत. मी गिटार मांडीवर धरून ऐकत राहिलो. अडखळणाऱ्यासाठी थांबायचं काम आता माझ्याकडे नव्हतं, आता मला गाठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चेअरमन भेटले. म्हणाले, "काल दुपारी वहिनी गात होत्या का? आम्ही गॅलरीत खुर्च्या टाकून बसलो होतो दोघं."

"हो. मी वाजवत होतो."

"असं का?" ते म्हणाले. "ते नाही ऐकू आलं."

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. मोठं मशीन भजनात झकास चाललंय हे सांगायला. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, तुमच्याकडं किती माणसं झाली?

"चार," मी म्हणालो. "त्यातली दोन खालच्या मजल्यावर."