न टिकणारं काम

जानेफळात युसूफ मिस्त्रीच्या हातची बैलगाडी मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्याचा त्याला तोराही होता. सोयऱ्यांकडे गेला तरी बाजेवर बसण्याआधी तिचे पाय हलवून बघे. पुढे ट्रॅक्टर आले, गाड्या गेल्या. आणि न मोडणाऱ्या वस्तूंना दुरुस्तीही लागत नाही. मिस्त्री घरी बसला.

त्याच सुमारास बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी घुसली. लोकांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडंच, उपटली, बांधावर ढीग घातले, पेटवून दिले. सहदेव गुरुजींची दीपमाला विज्ञान शिकून आलेली. तिने ती पऱ्हाटी मागून आणली आणि एका शेडमध्ये काम मांडलं. वाळवून भुगा करायचा, मक्याच्या स्टार्चची खळ कालवायची, तापत्या साच्यात दाबायचं, की फळं भरायचा ट्रे तयार. प्लास्टिकसारखा दिसायचा, पण मातीत पुरला की कुजायचा. साचा दाबायला पक्का हात हवा, म्हणून तिने मिस्त्रीला बोलावलं.

देऊळगाव राजाचे फळांचे व्यापारी शालिग्राम एकदाच बोलले, "दहा ट्रे माह्या मळ्यात पुरा. दोन महिन्यांत सडले तर पाच हजारांची ऑर्डर. नाही तर राम राम." ऑर्डर गेली तर शेड बंद पडणार, हे मिस्त्रीलाही ठाऊक होतं.

ट्रे झाले, पण कडा खरखरीत. मिस्त्रीला ते बघवेना. दीपमाला जेवायला गेली तशी त्याने राळ घालून उकळलेलं जवसाचं तेल फडक्यावर घेतलं आणि एकेका ट्रेला दोन-दोन हात मारले. कोरी वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही त्याची जन्माची रीत. मूर्खपणाला काही वय नसतं!

दोन महिन्यांनी उकरलं, तर दहाच्या दहा शाबूत. मिस्त्रीची छाती क्षणभर फुगलीच. तोवर शालिग्राम मोटारसायकलला किक मारून निघालेही होते.

दीपमाला स्वतःलाच दोष देत बसली. खळ जास्त झाली असेल, भुगा जाड राहिला असेल. आठ दिवस वजनं करून शेवटी म्हणाली, "चाचा, मले नाही जमलं. शेड बंद करू."

"बेटी, तेल लावलं म्या."

"काऊन?"

"माह्या हातून सडणारी चीज जाऊन राह्यली होती. सहन नाही झालं."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बस धरून देऊळगाव राजाला गेली, चूक आपलीच म्हणून सांगितलं आणि आणखी दोन महिने मागून आणले.

या खेपेला ट्रे कोरेच गेले. उकरायच्या दिवशी खड्ड्यात नुसती ओली माती आणि गांडुळं. शालिग्रामांनी माती मुठीत दाबून पाहिली, हसले आणि ऑर्डर दिली.

मिस्त्री मात्र खड्ड्याशी उकिडवा बसून माती बोटांनी चाळत होता. एखादी कड, एखादा कोपरा? काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच, काम बरोबर उतरल्याचं त्याला वाईट वाटलं.

"पाच हजार?" त्याने विचारलं.

"हाव चाचा, पाच हजार."

"सारेच सडतीन?"

"सारेच."